आवणी होईस्तोवर

धर्मानं ते बोलायला नको होतं. पण धर्माच्या जिभेला हाड होतं कधी? बाईजाच्या खाचरात आवणी, म्हणजे भाताच्या रोपांची लावणी, चालली होती, दहाचा सुमार, सगळी बांधावर पेज प्यायला टेकलेली, आणि दामूचा ऋतिक मात्र तिकडं गुडघाभर चिखलात उभ्या उभ्या डुलक्या घेत होता. हातातली आवणाच्या रोपांची मूठ तशीच, तोंड उघडं, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. धर्मानं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा दामूकडं, आणि म्हणाला, "दामू, तुझ्या घरची माणसं तीन धरायची, का अडीच?"

बाया खळाळून हसल्या. हसण्यात वाईट काही नव्हतं, आवणीत अशा थट्टा दिवसभर चालतात, कंबर मोडल्याचं त्यावरच तर विसरायला होतं. दामूपण हसला. हसला आणि पेज नरड्यात अडकून ठसका लागला, तो किती वेळ थांबेना. रंभा, त्याची बायको, उठून पोराकडं गेली, पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि त्याला धरून बांधावर आणलं. सतरा वर्षांचा पोर, बापाच्या डोक्यावर गेलेला, आणि आईनं तोंड पुसायचं. दामूनं नजर फिरवली.

वैशाखरे गावाच्या आत डोंगराला लागून ही वाडी. वीसेक घरं, सगळी भाताची. आवणीला मजूर मिळायचे दिवस गेले. ज्याच्या अंगात जोर तो मुरबाडच्या कारखान्यात, नाहीतर रस्त्यावरच्या धाब्यावर. म्हणून पाच घरांनी सावड केलेली. आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. ज्या घरानं जितकी माणसं दिली, तितकी त्याच्या शेतावर परत येणार. चिठ्ठ्या टाकून पाळी ठरते. यंदा दामूची पाळी शेवटची आली होती. म्हणजे सगळ्यांचं फेडून मग आपलं. आणि आवण तर वयात आलेलं. आठ दिवस जास्त राबात, रोपांच्या वाफ्यात, राहिलं की ते जून होतं, मग लावलं काय न् नाही लावलं काय.

पोराला काय झालंय ते वाडीला दामूनं सांगितलंच नव्हतं. कावीळ, असं सांगून ठेवलं होतं. अंगातला कस गेलाय, येईल हळूहळू. गावात काय लपतं म्हणा, पोरगं मध्ये काही दिवस भिंतीशी बोलत होतं इतकं लोकांच्या कानावर होतं. पण ठाण्याचा दवाखाना, तिथली डोक्याची डॉक्टरीण, रोज संध्याकाळची गोळी, यातलं एक अक्षर दामूनं दाराबाहेर जाऊ दिलं नव्हतं. का जाऊ देईल? वाडीत एक बुधू होता, दामूच्या चुलत्याचा पोरगा. त्याला एकदा येडा म्हटलं, ते म्हणणं त्याच्याबरोबर सरणावर गेलं. शेवटपर्यंत पोरं त्याच्या मागं दगड घेऊन धावायची. दामूनं लहानपणी स्वतः दोन मारलेले.

खरं सांगायचं तर सगळं महाशिवरात्रीपासून सांगावं लागतं, दोन वर्षांमागच्या. नदीकाठच्या महादेवाला भजन होतं. भजन उरकल्यावर बाप्ये देवळामागं गोल करून बसले, गांजाची चिलीम फिरू लागली. वर्षातून एकदा फिरते, आज्या-पणज्यापासून फिरते, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. ऋतिक पंधराचा, दहावीला, बापाला घरी न्यायला आला होता. दामूला तंद्री लागलेली, मन मोठं झालेलं. त्यानं चिलमीला फडकं गुंडाळलं, पोराच्या हाती दिली आणि म्हणाला, "घे रे, प्रसाद हाय महादेवाचा." पोरानं ओढली आणि खोकून खोकून डोळ्यांत पाणी आणलं. बाप्ये हसले. दामूला तर बापईपणाचं कौतुकच वाटलं, आपला पोरगा पुरुषांत बसला म्हणून.

त्यानंतर अकरावी. एस्टीनं जायचं-यायचं. घाटाच्या रस्त्याला पावसाळ्यात मुंबईची पोरं गाड्या घेऊन येतात, धबधब्यात भिजतात, जाताना ओळखी करून जातात. एका धाब्यामागं पुड्या मिळू लागल्या. ऋतिक आधी शनिवारी, मग रोज. कबड्डीत चढाई करायचा तो, पायाला वारा लागल्यासारखा सुटायचा, ते बंद. पुस्तकं बंद. रंभाला सदऱ्याला वास आला तेव्हा तिनं दामूला सांगितलं. दामू काय म्हणाला? म्हणाला, झाडाचा पाला तो, आमी नाय ओढली? दारू पीत नाय तेच उपकार समज. रंभा परत चुलीकडं वळली. तिला ते पटलं नव्हतं, पण नवरा म्हणतो म्हणजे असेल.

गेल्या पौषात पोरगं जेवेना झालं. आईच्या भाकरीत काहीतरी कालवलंय म्हणू लागलं. समोरच्या टेकाडावरचा मोबाइलचा टॉवर आपलं बोलणं ऐकतो म्हणून घरात तोंडावर हात धरून बोलायचं. एकदा आईच्या अंगावर पाट उचलला. लांबच्या गावातल्या भगताला कोंबडा देऊन झाला, भगतानं कोंबडा खाल्ला, पोरगं होतं तिथंच. शेवटी रंभा हट्टाला पेटली तेव्हा ठाण्याला नेलं.

डॉक्टरीण वयानं लहान होती पण बोलणं सरळ. तिनं सांगितलं, या वयात डोकं अजून तयार होत असतं, कच्चं असतं. त्यात गांजा रोज गेला की काही पोरांना तो धरतो. सगळ्यांना नाही धरत, कुणाला धरणार ते आधी कळत नाही, पण धरला की असा धरतो. घरात कुणाला पूर्वी असं काही? दामू नाही म्हणाला. बुधू तोंडाशी आला होता, तो त्यानं गिळला. पहिल्यांदा कुणी दिला याला? दामू टेबलाकडं बघत राहिला. ऋतिकनं बापाकडं बघितलं आणि म्हणाला, आठवत नाय. एवढ्या बिघडलेल्या डोक्यातही त्यानं बापाला सांभाळून घेतलं, आणि दामूला ते कळलं.

गोळी रोज संध्याकाळी, वर्षभर तरी. बरा दिसला म्हणून थांबवायची नाही. हे डॉक्टरणीनं तीनदा सांगितलं, बोट वर करून.

आणि पोर खरंच बरं झालं हो! वैशाखात जेवायला लागलं, ज्येष्ठात हसायला. एक दिवस आपण होऊन गाय धुतली. रंभा चुलीपुढं बसून रडली त्या दिवशी, सुखानं. गोळीचा त्रास एवढाच, की सकाळी नऊपर्यंत डोळा उघडायचा नाही, हातपाय जड, हालचाल म्हाताऱ्यासारखी. डॉक्टरीण म्हणाली होती, हेही कमी होईल, धीर धरा. पण आवणीला कसला धीर?

बाईजाच्या बांधावरून घरी आल्यावर दामूनं गोळ्यांचं पाकीट डब्यातून काढून घेतलं. रंभाला म्हणाला, दवाखान्यातून फोन आला व्हता, वेळ बदललीय, आता मीच देत जाईन. रंभानं मान हलवली. तिला बरंच वाटलं, बाप एवढं लक्ष घालतो म्हणून. पाकीट प्लास्टिकमध्ये गुंडाळून दामूच्या सदऱ्याच्या खिशात गेलं आणि तिथंच राहिलं.

आता कुणी म्हणेल, काय हा बाप. तर तसा दामू कसाई नव्हता. त्यानं मनाशी हिशेब असा घातला, की सहा दिवसांचा तर प्रश्न, पोरगं आता बरंच आहे, बरं असलेल्याला सहा दिवसांत काय होतंय. ताप गेल्यावर आपण गोळी खातो का? आवणी झाली की परत चालू. अडीच हा शब्द त्याच्या कानात बसला होता, तो त्याला काढायचा होता.

पहिले दोन दिवस तर त्याला आपल्या अकलेचं नवल वाटलं. ऋतिक उजाडताच उठला. राबातलं आवण खणून त्याच्या मुठी बांधल्या, खांद्यावरून वाहिल्या, बैलांच्या चिखलणीच्या मागं धावून धावून फेकल्या. धर्माच्या खाचरात तर त्यानं बायांच्या रांगेला मागं टाकलं. धर्मा मोठ्यानं म्हणाला, कावीळ उतरली बघा पोराची, आता तीन नाय, साडेतीन धरा. दामूची छाती फुगली. त्या दिवशी तो घरी येताना गाणं गुणगुणत आला, रंभानंसुद्धा वळून बघितलं.

तिसऱ्या दिवशी पोराचे डोळे लाल होते. झोप नाही आली म्हणाला. चौथ्या दिवशी संध्याकाळी ओहोळावर बापलेक पाय धूत होते. ऋतिकनं पायाचा चिखल घासता घासता हळूच सांगितलं, "बाबा, गोळी दे ना. डोक्यात परत कालवाया लागलंय."

दामूनं इकडंतिकडं बघितलं. "दोन दिस कळ काढ रे. परवा आपली पाळी. आपली आवणी होईस्तोवर, मंग दुप्पट खा."

"लांबून कोण तरी नाव घेतं माझं."

"कोण घेतं? पाण्याचा आवाज तो. आईला सांगू नको, ती उगा घाबरंल."

पोरानं मान हलवली आणि आईला सांगितलं नाही. शहाणं पोर. गुणाचं असल्यानंच त्याचा घात झाला, हट्टी असतं तर आरडून घर डोक्यावर घेतलं असतं आणि वाचलं असतं.

पाचव्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळी ऋतिक दिसेना. तासाभरानं आला, रस्त्याच्या बाजूनं. थेट पाण्यात उतरला आणि लावू लागला. दामू त्याच्या शेजारून गेला तेव्हा सदऱ्याचा वास त्याच्या नाकात शिरला. तो वास त्याला कुणी ओळखवून द्यायला नको होता. तिथल्या तिथं त्याला धरायला पाहिजे होतं, हलवून विचारायला पाहिजे होतं. पण शेजारी धर्मा वाकलेला, पलीकडं बाया, आणि उद्या आपली पाळी. दामूनं मनात म्हटलं, उद्याचा दिवस पार पडू दे, परवा बघतो याच्याकडं. संध्याकाळी पोरगं जेवलं आणि भिंतीला तोंड करून गाढ झोपलं. दामूला वाटलं, चला, झोपला तरी. त्याला चक्क बरं वाटलं.

सहाव्या दिवशी पाचही घरं दामूच्या खाचरात उतरली. पाऊस बारीक धरून होता. रंभानं पहाटेच भात, डाळ, सुकटीची चटणी करून टोपली भरली. सगळ्यात पुढं ती स्वतः लावत होती, कारण आपल्या खाचरात पहिली मूठ घरच्या बाईनं लावायची. खालचं खाचर दहापर्यंत हिरवं झालं. दामू वर चिखलणीत होता. खालून बाया हसल्याचं ऐकू आलं तेव्हा त्यानं वळून बघितलं.

ऋतिक लावलेलं आवण उपटत होता. रोपांची एकेक चूड सावकाश, मूळ न तोडता, हातानं मुळांचा चिखल धुवून. ओंजळ भरली की बांधावर जायचा, गवतावर ओळीनं निजवायचा, परत यायचा. बायांना वाटलं थट्टा करतोय. बाईजा म्हणाली, आरे पोरा, कुणाशी पैज लावलीस? त्यानं तिच्याकडं बघितलं आणि अगदी काकुळतीला येऊन सांगितलं, "बुडतायत ना गो ही. नाकातोंडात पाणी जातंय. तुमाला ऐकू नाय येत?"

हसणं थांबलं.

दामू वरून धावत आला, दोनदा पडला. त्यानं पोराला मागून कवळ घातली. ऋतिकनं मागं बघितलं आणि त्याला बाप दिसलाच नाही. काय दिसलं ते देव जाणे. त्यानं दामूच्या मनगटाचा लचका तोडला आणि रंभाकडं धावला, तिच्या हातातली मूठ हिसकावून घ्यायला. ती मूठ सोडेना, भांबावून गेली होती. त्यानं तिला पाण्यात लोटलं आणि मान धरून दाबली. तुमीच बुडवता, तुमीच बुडवता, असं ओरडत राहिला. धर्मा आणि आणखी दोघं त्याच्यावर पडले. चौघांना आवरेना इतका जोर. शेवटी त्याचं तोंड चिखलात गेलं तेव्हा हात सापडले. धर्मा ओरडला, दावं आणा. बैलाचं दावं दामूनं आणलं. गाठ दामूनं मारली. वासराला मारतो ती सोडगाठ नव्हे, पक्की.

रंभा खोकत उठली. मानेवर बोटांचे वळ. ती पोराजवळ बसली आणि बोटानं त्याच्या नाकातला चिखल काढू लागली.

धर्माचा टेम्पो होता. त्यात कांबळं टाकून ठाण्याला निघाले. टोकावडे गेलं, मुरबाड गेलं. ऋतिकचं डोकं आईच्या मांडीवर. आधी तो पुटपुटत होता, मग गप्प झाला, आणि मुरबाडच्या पुढं एकाएकी अगदी शुद्धीतल्यासारखं बोलला.

"बाबा, मी मजा करायला नव्हतो गेलो धाब्यावर. झोप यावी म्हणून गेलो. तू गोळी देत नव्हतास ना."

रंभाचा हात त्याच्या केसांत थांबला. तिनं दामूकडं बघितलं. दामूच्या सदऱ्याला चिखलाचं लिंपण, आणि खिशात प्लास्टिकचा फुगवटा. तिनं पुढं वाकून खिशात हात घातला, पाकीट काढलं, गोळ्या बघितल्या, आणि आपल्या चोळीत ठेवलं. दामूला वाटत होतं, हिनं शिव्या द्याव्यात, मला चपलेनं मारावं. पण ती ठाणं येईपर्यंत रस्त्याकडं बघत बसून राहिली.

तीच डॉक्टरीण होती. इंजेक्शन दिल्यावर पोर निपचित पडलं, मग तिनं दोघांना समोर बसवलं. गोळ्या चालू होत्या ना, तिनं विचारलं. या वेळी दामू खोटं बोलला नाही. सहा दिवस बंद ठेवल्या म्हणाला, मी. का, तर आवणी होती. आणि मग कुणी न विचारता बुधूचंही सांगितलं, महाशिवरात्रीचंही सांगितलं, चिलमीला फडकं आपल्या हातानं गुंडाळलं तेही. रंभा ऐकत होती. महाशिवरात्रीचं तिला आजच कळत होतं.

डॉक्टरीण रागावली नाही. खूप वेळ लिहीत राहिली. मग म्हणाली, "पहिल्या वेळी लवकर सावरला होता. आता तसं होईलच असं मी सांगू शकत नाही. दर खेपेला माणूस थोडा मागं राहतो. आपण प्रयत्न करू. पण पूर्वीचा ऋतिक सगळाच्या सगळा परत येईल, ही आशा आत्ता धरू नका."

बाहेरच्या बाकड्यावर रंभा पहिल्यांदा बोलली. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं.

"तुमी घरी जा. तुमची आवणी राहलीय."

"रंभा, आगो…"

"जा म्हटलं ना. मी हाय इथं."

दुसऱ्या दिवशी दुपारी दामू एस्टीतून वाडीच्या फाट्यावर उतरला. खाचराकडं जायला पाय घेत नव्हते. उपटलेलं आवण बांधावर वाळून गेलं असेल, वरचं खाचर ओसाड असेल, असं धरून तो चालत होता. वळणावरून बघितलं तर खालचं खाचर हिरवं, वरचं हिरवं, ओळीत कुठं खंड नाही. शेवटच्या कोपऱ्यात बाईजा आणि कालच टेम्पो घेऊन परतलेला धर्मा उरलेल्या दोन मुठी लावत होते. बाकीची मंडळी पाय धुवायला गेलेली.

धर्मा वर आला. पोर कसं हाय, त्यानं विचारलं. दामूनं त्याला सगळं सांगितलं. कावीळ नव्हती हे सांगितलं, दवाखाना आधीपासूनचा हे सांगितलं, गोळ्या सांगितल्या, कशासाठी थांबवल्या तेही सांगितलं. धर्मा ऐकता ऐकता खाली बसला.

"आरे, मला बोलायचं व्हतंस की रे," तो म्हणाला. "पोर आजारी हाय म्हणाला असतास तर तिसरं माणूस मागतंय कोण? दोघांवर केली असती तुझी आवणी. बाईजाचा पाय मोडला त्या साली तिच्या घरचं एकपण माणूस नव्हतं, केली ना आपण? तूच तर सगळ्यात आधी उतरला व्हतास."

हे खरं होतं. तोच उतरला होता आधी. भरपावसात, कुणी न सांगता. बाईजा तिकडून मान हलवत होती, व्हय रे बाबा, तूच व्हतास.

"लाज वाटली रे," दामू म्हणाला. मग तो बांधावरून घसरून नव्या लावलेल्या आवणातच बसला आणि पोर मेल्यागत हंबरडा फोडून रडू लागला. बाईजानं येऊन त्याला धरलं. पोर तर जिवंत होतं, तिकडं ठाण्याला खाटेवर होतं, आणि आई भाताचा घास पुढं करत होती तर तोंड मिटून घेत होतं.